पिनेचं पातं

८ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं ते केवळ वर तिकीट होतं म्हणून. ख्यालीखुशालीचं अवाक्षर नाही, माझ्या ताईचा उल्लेख नाही. वर नुसती आज्ञा, की आमच्या गावात मिळत नाही तर तिथे लाकूड कापायची एक भरवशाची स्क्रोल सॉ बघ, आणि खाली अटींची यादी. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे ऐकून होतो. तुम्ही अठ्ठावीस वर्षं आमच्या राशीला आहात, पण ग्रहाने यादी पाठवल्याचं हे पहिलंच उदाहरण.

प्रसंग मात्र थट्टेचा नाही, हे कळतं. अंधशाळेने चाळीस लाकडी नकाशे सांगावेत, मुलांनी नद्या-डोंगर बोटांनी वाचावेत, आणि त्यासाठी तुमच्याशिवाय दुसरं नाव कुणाला सुचू नये, ही तुमच्या तीस वर्षांच्या कामाची पावती. आणि त्याच शाळेतल्या बाईंनी नमुन्याच्या नकाशातले चार तुकडे परत धाडावेत, का तर कडांना कुसळं राहिलीत, हे तुम्हाला किती झोंबलं असेल! बाईंना स्वतःला दिसत नाही, तेव्हा त्यांच्या बोटांना फसवणं कठीण. पंचवीस मार्चला दुसरा नमुना पसंत पडला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. दोष जुन्या मशीनचा, त्याचा दांडा खुळखुळतो, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून शनिवारी छापखान्यातून सुटल्यावर यंत्रांच्या बाजारात गेलो.

जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्याला मशीन काय कळणार? मला ते शिवणयंत्राचं दणकट भावंड वाटलं. सुईच्या जागी वर-खाली नाचणारं केसाएवढं पातं. तीन पाहिली. पहिलं सुरू केल्याबरोबर दुकानदाराचा चष्मा टेबलावरून चालत चालत कडेला गेला आणि त्याने प्राण सोडला. दुसरं ओतीव लोखंडाचं, धीरगंभीर. त्याच्या टेबलावर कडेवर उभं केलेलं नाणं मशीन चालू असतानाही उभंच राहिलं. ही दुकानदाराची परीक्षा. तिसऱ्यावर नाणं लवंडलं, म्हणजे ते नापास.

हा दुकानदार जुना सुतार आहे. उजव्या हाताला साडेतीन बोटं. उरलेल्या दीडाची कथा तो न विचारता सांगतो. तुमची यादी त्याने डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली आणि म्हणाला, की ही दोन माणसांनी मिळून लिहिलेली दिसते. एकाला बारीक तळी आणि बेटं कापायची आहेत. तो कसलेला आहे, आणि असा माणूस टोकाला आडवी पिन असलेल्या पात्याला हात लावणार नाही, कारण ती पिन ओवायला वाटाण्याएवढं भोक पाडावं लागतं आणि त्यात अख्खं तळं बुडतं. बिनपिनेचं पातं टाचणीएवढ्या भोकातून जातं. दुसरा माणूस मात्र पिनेचंच पातं मागतो, पातं आवळायला मुठीत धरता येईल असा भलामोठा खुंटा मागतो, आणि बटण हाताचं नको, पायाचं हवं म्हणतो. यांतले तुमचे भाऊजी कोणते, असं त्याने मला विचारलं. उत्तर द्यायचं काम तुमच्यावर सोपवतो. तुम्हाला येत असेल तर कळवा.

ताईला नमस्कार. लोभ आहेच, पुढच्या यादीत त्याचीही एक ओळ घाला.

आपला,
पंडित


१४ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुला मशीन बघायला सांगितलं होतं, माझी उलटतपासणी घ्यायला नाही. त्या साडेतीन बोटांच्या महापुरुषाला सांग, की यादी एकाच माणसाने लिहिली आहे आणि त्याची दहाही शाबूत आहेत. पिनेचं पातं पटकन अडकतं. चाळीस नकाशे म्हणजे दिवसातून शंभर वेळा पातं काढा आणि घाला. बिनपिनेचं पातं चिमटीत धरून स्क्रूच्या फटीत बसवत बसायला मला वेळ नाही. तळी थोडी मोठी झाली तर झाली, मुलं काही त्यात पोहायला उतरणार नाहीत.

बाईंचं म्हणशील तर त्या जरा जास्तच काटेकोर. परत आलेले चारही तुकडे मी अंगठ्याने कडेकडेने दोनदा तपासले. एक कुसळ नाही, काचेसारखी कड. नंतर तुझ्या ताईने त्यांतलाच एक पुसायला घेतला तर तिच्या बोटात हे एवढं कुसळ गेलं, सुईने काढावं लागलं. बायकांची कातडीच नाजूक, दुसरं काय.

ते नाणं उभं राहणारं मशीन घे. त्यावर पिनेची पाती बसतात का ते तेवढं बघ. पाय-स्विच वेगळा मिळतो. वीस मार्चच्या आत इथे पोचलं पाहिजे. यातलं ताईला काही लिहू नकोस, ती उगाच काळजी करते.

आशीर्वाद आहेतच, मशीन पोचल्यावर वाढतील.

भाऊजी


१९ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

थट्टा घटकाभर बाजूला ठेवतो.

तर्क शिकवताना आमचे गुरुजी पहिल्याच दिवशी डोंगरावरचा धूर दाखवत. धूर दिसतो, त्या अर्थी अग्नी आहे. तुमच्या पत्रात धूर इतका, की वाचताना डोळे चुरचुरले.

ज्याचा अंगठा दोनदा फिरूनही कुसळ सापडत नाही आणि बायकोच्या बोटाला ते सहज सापडतं, त्याच्या बायकोची कातडी नाजूक नसते. त्याच्या अंगठ्याला कळत नसतं. चिमटीत पातं आहे की नाही हे ज्याला समजत नाही तो पिन मागतो. बारीक स्क्रू ज्याच्या बोटांना लागत नाही तो खुंटा मागतो. बटण दाबलं गेलं की नाही याची ज्याच्या बोटाला खात्री नाही तो पाय पुढे करतो. काल पुन्हा दुकानात गेलो. मी काही बोलायच्या आत तो सुतार म्हणाला, की त्याचा एक सोबती असाच होता. थरथरत्या टेबलावर वर्षानुवर्षं फळी दाबून धरली, की बोटं आधी मुंग्या येऊन सांगतात, मग पांढरी पडून सांगतात, आणि मग सांगायचंच सोडून देतात.

माझं अनुमान चुकलं असेल तर यथेच्छ शिव्या द्या. बरोबर असेल तर एवढंच कळवा, की किती बोटं, कधीपासून, आणि डॉक्टर काय म्हणाले. डॉक्टरांकडे गेलाच नसाल तर तेही कळवा, म्हणजे शिव्या मी देईन.

उत्तर येईपर्यंत मी मशीन घेत नाही. राग आला तरी माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
पंडित


२४ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

शिव्याच देणार होतो. एक पान लिहूनही झालं होतं. फाडलं.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. मुंग्या दोन वर्षांपासून येतात, ते मी वयावर ढकललं. नोव्हेंबरपासून सकाळी ती खडूसारखी पांढरी असतात. जानेवारीत एक तळं कापत होतो, तर लाकडावर तांबडा डाग दिसला. मला वाटलं, लाकडाचाच रंग. तो पसरायला लागला तेव्हा कळलं, की माझं बोट आहे. दुखलं असतं तर मी घाबरलो नसतो रे.

डॉक्टर म्हणाले, की आठ-दहा महिने कुठल्याही थरथरणाऱ्या यंत्राला शिवायचं नाही, कदाचित जाणीव परत येईल. पण आणखी चालवलं तर येणार नाही, हे सांगताना त्यांनी कदाचित लावलं नाही.

मी ठरवलंय, हे चाळीस पुरे करायचे आणि थांबायचं. कमी थरथरणारं मशीन त्यासाठीच तर मागतोय. तीस वर्षं लोक माझ्याकडे आले ते या अंगठ्यासाठी. कड बघायला मी कधी दिवासुद्धा जवळ ओढला नाही. शाळेच्या बाईंनी पहिल्या भेटीत माझा हात हातात घेऊन चाचपला आणि एवढंच म्हणाल्या, की तुम्ही करा. आता त्यांना काय सांगू, की तुम्ही पाहिलेला हात आता या घरी राहत नाही?

ताईला कळलं तर ती त्याच दिवशी कारखान्याला कुलूप लावील. तुला माझी शपथ आहे.

मशीन पाठव. बाकी जे काही असेल ते तुझ्या पोटात ठेव, आमचे आशीर्वादही तिथेच.

भाऊजी


२८ फेब्रुवारी

चि. पंडित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुम्हा दोघांचा पत्रव्यवहार जोरात आहे, असं पोस्टमनकडून कळलं. ज्या गृहस्थाने अठ्ठावीस वर्षांत तुला साधं कार्ड टाकलं नाही तो या महिन्यात तीन बंद पाकिटं पाठवतो, आणि वर चिकटपट्टी लावतो! कार्यालयातली गुपितं असल्यासारखी.

इकडची बातमी अशी, की तुझ्या भाऊजींनी बटणांचे शर्ट सोडले. डोक्यातून घालायचे सदरे आणलेत, म्हणे आता हेच चालतात. छप्पन्नाव्या वर्षी! मला आधी वाटलं, यांना कुणी भेटली की काय. मग नव्या सदऱ्यात त्यांना नीट पाहिलं आणि ती शंका सोडून दिली. पण परवा कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली, तिसऱ्यांदा मी उचलायला वाकले तर अंगावर ओरडले. हा माणूस माझ्यावर कधी ओरडत नाही, गप्प बसून छळतो. हल्ली कारखान्याचं दारही आतून लावून घेतात. कारण विचारलं तर भुसा घरात येतो म्हणतात. जसा काही इतकी वर्षं तो आमच्याकडे परवानगी मागून येत होता!

मी दुधखुळी नाही. काहीतरी आहे, आणि ते तुला ठाऊक आहे. तुझं बोट धरून पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून घेतलंय. तुला खोटं बोलता येत नाही. बोलायला लागलास की तू संस्कृतात शिरतोस. तेव्हा उत्तर साध्या मराठीत दे, आणि लवकर दे. मला आता त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली आहे.

माझा जीव तुम्हा दोघांत वाटला गेलाय, दोघेही सांभाळून वापरा.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

काल मशीन घेतलं. नाणं उभं राहणारं तेच. त्यावर दोन्ही जातींची पाती बसतात, खुंटा मुठीत मावतो, पाय-स्विच सोबत आहे. माझ्या बैठकीतल्या डुगडुगत्या टेबलावरही त्याने नाणं पाडलं नाही. इतकं स्थितप्रज्ञ पाहुणं या घरात आजवर आलं नव्हतं.

आणि ते मी पाठवणार नाही.

रागावण्याआधी माझी अडचण ऐका. मला वाटत होतं, चांगलं यंत्र शोधलं की तुमचं भलं होईल. आता दिसतं ते उलट. खराब मशीन तुम्हाला दहाव्या नकाशाला थांबवील. चांगलं मशीन चाळीस करू देईल, आणि मग आणखी चाळीस, कारण थांबणे हा धातू तुम्ही कधी चालवलाच नाहीत. मी जितकं भरवशाचं यंत्र देईन, तितक्या बिनघोर तुम्ही हात घालवून बसाल. असलं पुण्य मला नको.

ताईचं पत्र आलंय. तिने सरळ विचारलंय. तुमच्या शपथेपायी मी उत्तर दिलेलं नाही, पण माझं गप्प बसणं तिला माझ्या अक्षरापेक्षा चांगलं वाचता येतं. तुम्ही तिला सांगा. तिला कळल्याची तिच्या हातची एक ओळ आली, की त्याच दिवशी मशीन रवाना करतो.

हा हट्ट मायेपोटी आहे, तो तसाच वाचावा ही विनवणी.

आपला,
पंडित


७ मार्च

पंडितास,

मशीन तुझ्याकडेच ठेव. त्यावर तुझी मुद्रितं वाळत घाल.

जुन्या मशीनचा दांडा तारेने आवळलाय. कालपासून त्यावरच नमुना सुरू केला. टेबल फार हलतं, पण दोन्ही तळहातांनी फळी जास्त जोरात दाबली की भागतं. पंचवीस तारीख मी चुकवणार नाही. उत्तर पाठवू नकोस.

भाऊजी


१० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साध्या मराठीत लिहितो.

भाऊजींच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना काही कळत नाही. मशीनच्या थरथरीने झालंय. बाईंनी परत केलेल्या तुकड्यांना खरोखरच कुसळं होती, ती यांना लागली नाहीत, तुला लागली. शर्टाची बटणं, किल्ली, बंद दार, सगळं त्यातलंच. डॉक्टरांनी आठ-दहा महिने यंत्र सोडायला सांगितलंय, तरच हात परत मिळण्याची आशा. नाहीतर नाही.

मला हे तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे. त्यांनी शपथ घातली होती, ती मी आता मोडली. पण त्याआधी मी याहून वाईट केलं. नवं मशीन घेऊन अडवून ठेवलं, की तुला सांगितल्याशिवाय देणार नाही. वाटलं, मी मोठा चाणाक्ष. चाळीस वर्षांची विद्या आणि एवढंही सुचलं नाही, की त्या माणसाच्या दाराआड जुनं मशीन आहे. आता ते दांड्याला तार बांधून त्यावर काम करतायत, आणि कमी नव्हे, दुप्पट जोराने फळी दाबून. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हाही करत असतील.

नवं मशीन आज ट्रकने रवाना केलं, पावती सोबत आहे. ते तुझ्या नावावर पाठवलंय. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला निवडता येत होतं तेवढं मी निवडलं, यापुढचं माझ्या बुद्धीला झेपत नाही.

तू मला उठाबशा काढायला लावशील त्या मी काढीन, गुडघे पन्नाशीचे आहेत एवढं लक्षात ठेव. पण आधी ते दार उघड.

तुझा,
पंडित


२ एप्रिल

चि. पंडित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दारातच वाचलं आणि तशीच कारखान्याकडे गेले. आतून मशीनचा खडखडाट. दार वाजवलं, हाका मारल्या, उत्तर नाही. मग मीटरच्या खोक्यातला फ्यूज उपसला आणि तो मुठीत धरून पायरीवर बसले. वीज गेली म्हणून बघायला बाहेर आले ते माझ्या समोरच. शिवायची सुई पदराला खोचलेली होतीच. त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठ्यात सुई टोचली. ते माझ्याकडे बघत राहिले. अंगठ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

तू म्हणशील, केवढी निर्दय. असेन. पण त्यानंतर ते खाली बसले आणि जे बोलले ते मी तुला लिहिणार नाही.

पाच दिवस अबोला. सहाव्या दिवशी मशीन आलं. ते म्हणाले, परत पाठव. मी म्हटलं, माझ्या नावावर आलंय, मी बघेन. अरे, मी तीस वर्षं पायाने शिवणयंत्र चालवतेय. रेघेवरून कापड फिरवणं आणि रेघेवरून फळी फिरवणं यात असं काय मोठं अंतर? अंतर आहे, ते पहिल्या दोन फळ्या फुकट गेल्यावर कळलं. आता ते रेघा आखतात आणि मागे स्टुलावर बसतात. मशीनच्या टेबलाला बोट लावायची त्यांना बंदी. तोंडाला बंदी नाही. ढकलू नकोस, पात्याला खाऊ दे, वळणावर श्वास घे, तुझ्या भावासारखी घाई करू नकोस! मी म्हटलं, माझ्या भावाने निवडलेलं मशीन आहे, जपून बोला. पिनेची पाती मी डब्यात बंद करून टाकली. बिनपिनेचं लावते. डॉक्टरांना विचारून रोज दोनच तास चालवते, त्यावर मिनिट नाही.

पंचवीस तारखेला दोघेही शाळेत गेलो. बाईंनी नकाशा पुढे ओढला आणि एकेका कडेवरून बोट फिरवलं. एवढा वेळ मी कुणाच्या हातांकडे कधी पाहिलं नव्हतं. कुसळ एक नाही. पण एका नदीशी थांबल्या आणि म्हणाल्या, की ही इथे वळायला हवी, सरळ का गेली? ती मी चुकवली होती. तुझे भाऊजी घसा खाकरून म्हणाले, की चूक माझ्या बायकोची आहे, कारण कापलंय तिने, कारण माझ्या बोटांना आता कळत नाही. एका दमात. आपण होऊन. बाई म्हणाल्या, की पहिल्या तुकड्यालाच त्यांना समजलं होतं, रेघ जुन्या माणसाची आहे आणि कड नव्याची. फक्त ते कोण सांगतं याची त्या वाट बघत होत्या. नदी दुरुस्त करून द्यायची आहे. चाळीसही नकाशे आमचेच.

उठाबशा माफ. पण यापुढे माझ्या घरातली गोष्ट मला सगळ्यात शेवटी कळली तर खैर नाही. आशीर्वाद तेवढे पूर्वीइतकेच, दंड म्हणून कमी केले नाहीत.

तुझी,
ताई

ता. क. ते तुझ्याशी अजून बोलत नाहीत. मात्र काल मशीनला तेल घालून घेताना म्हणाले, की गाढवाने निवड बरी केली.


१८ नोव्हेंबर

चि. पंडित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईत लिहितेय. चाळीसावा नकाशा गेल्या महिन्यात गेला हे तुला माहीत आहेच. थंडी सुरू झाली, की बोटं पुन्हा पांढरी पडतील या धास्तीने मी रोज सकाळी त्यांचा हात उजेडात धरून बघते. तशी फार नाही पडली. पण कळतं का म्हणून विचारलं की मान हलवायचे, नाही. आठ महिने झाले. डॉक्टरांचं ते कदाचित आम्ही दोघांनीही उच्चारायचं सोडून दिलं होतं.

आज सकाळी कान तुटलेल्या कपात चहा दिला. गेल्या थंडीत हाच कप ते उकळत्या चहासकट मुठीत धरायचे, आणि मी बावळट कौतुक करायचे, की काय हात आहे! आज उचलला आणि असे ओरडले, की मला वाटलं साप निघाला. कपाचे चार तुकडे, चहा सगळा फरशीवर. वर मलाच बोलायला लागले, की असा कढत देतात का, माणसाला भाजून काढायचंय का? मी म्हटलं, रोजच्यासारखाच तर दिलाय.

मी फडकं घेऊन वाकले तर मला अडवलं. खाली बसून त्यांनी चहात अंगठा टेकवला, पुन्हा ओरडले. मग शेजारचं बोट टेकवलं. तेही ओरडून झालं. तोवर चहा निवला, मधल्या बोटाचं कळायचं राहिलं. आता दुसरा कप मागतायत, तितकाच कढत. देऊन येते.

देऊन आले. मधल्याला अजून काही नाही. कप मात्र हाही फोडला.

तुझ्यावरच्या आशीर्वादांत आज त्यांचेही घातलेत, सांगून घातलेत.

तुझी,
ताई